ज्यांच्यावर संशोधन, त्यांना कोणी विचारले का?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या भागात ‘ऑटिझम’ हा शब्द काढला की समोरचा माणूस ‘काय म्हणालात?’ असे विचारी. आता तसे राहिलेले नाही. शाळेतल्या बाई, अंगणवाडी सेविका, इतकेच काय, एसटीत शेजारी बसलेला प्रवासीही हा शब्द सहज वापरतो. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मागे या सदरात स्वमग्नतेच्या लक्षणांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका पत्राने मला विचारात पाडले. एक पालक लिहितात, ‘मुलाच्या विशेष शाळेत मोठ्या शहरातून एक पथक आले होते. मुलाच्या लाळेचा नमुना हवा म्हणाले. बारा पानांचा इंग्रजी फॉर्म दिला. संशोधनासाठी आहे, सही करा, असे सांगितले. डॉक्टर, सही करावी की नाही? आणि या संशोधनाचा आमच्या मुलाला उपयोग काय?’

सहीचे उत्तर पुढे देतोच. पण उपयोगाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. गेली ऐंशी वर्षे जगभर स्वमग्नतेवर संशोधन चालू आहे. त्यात कोणते प्रश्न घ्यायचे, हे कोण ठरवते? आणि ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे ती माणसे व त्यांच्या घरची मंडळी यांना त्यात काही स्थान आहे का? आज त्याबद्दल लिहितो.

मागील लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्वमग्नता हा संसर्गाने होणारा रोग नव्हे, वेड नव्हे, कोणाची बाधाही नव्हे. मेंदूची वाढच जन्मापासून काहीशा वेगळ्या रीतीने होते. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, बोलणे उशिरा येते किंवा येतच नाही, एकच खेळ तासन् तास चालतो, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की आकांत होतो. मिक्सरचा आवाज, कपड्याची शिवण, ट्यूबलाइटचा उजेड असह्य होतो. काहींची बुद्धी तल्लख असते, काहींना आयुष्यभर आधार लागतो. २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लसीमुळे ऑटिझम होत नाही. तसा संशय निर्माण करणारा अवघ्या १२ मुलांवरचा लेख ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नियतकालिकात १९९८ साली आला होता आणि त्याच नियतकालिकाने तो २०१० साली मागे घेतला. तेव्हा बाळाच्या लसी चुकवू नका.

आता मूळ विषयाकडे वळू.

ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी केले. त्यांनी ११ मुलांची हकीकत लिहिली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातला. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत घरी आणले आणि १९३८ साली डॉ. कॅनर यांना दाखवायचे ठरवले. जाण्यापूर्वी वडिलांनी, ते पेशाने वकील होते, मुलाची संपूर्ण माहिती टाइप करून डॉक्टरांना पाठवली. ते पत्र ३३ पानांचे होते! मूल कशाने आनंदते, कशाने बिथरते, कोणते शब्द पुन्हा पुन्हा म्हणते, काय खाते, सारे काही त्यात होते. कॅनर यांच्या त्या प्रसिद्ध लेखातील पहिल्या मुलाच्या हकीकतीचा मोठा भाग या पत्रावर उभा आहे. म्हणजे ऑटिझमवरच्या संशोधनाची सुरुवातच एका बापाच्या निरीक्षणाने झाली, असे म्हणायला हरकत नाही.

आणि पुढे काय झाले? ज्यांनी ही माहिती पुरवली त्या आईबापांवरच दोष आला. आई मनाने थंड, तिने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, असे मानसशास्त्रातले मोठमोठे लोक सांगू लागले. अशा आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ असे नाव पडले. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांचे या मताचे पुस्तक १९६७ साली निघाले आणि खूप गाजले. किती आयांनी हा डाग उरी बाळगून आयुष्य काढले असेल, कल्पना करवत नाही. आपल्याकडेही ‘गरोदरपणात टीव्ही पाहिलास’, ‘नोकरी केलीस’, ‘माहेरचं लक्ष जास्त’ असले टोमणे मी आजही ऐकतो. दवाखान्यात सासू समोर बसलेली असताना सून गप्प असते. सासू बाहेर गेली की रडते.

हा समज खोडून काढण्यात आघाडीवर कोण होते, तर एक बाप. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकेच्या नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. आईने काय चूक केली हे त्यांना कुठे दिसेना. त्यांनी मिळेल तो सारा शोधसाहित्याचा ढीग वाचून काढला आणि १९६४ साली पुस्तक लिहिले. ऑटिझमचे मूळ शरीरात आहे, आईच्या वागणुकीत नाही, असे त्यात साधार मांडले होते. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. पुस्तकाच्या शेवटी पालकांनी भरायची एक प्रश्नावली होती. पालकांनी ती भरून रिमलँड यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली आणि पाहता पाहता त्यांच्याकडे मोठा साठा जमला. पुढे १९७७ साली लंडनमध्ये सुझन फोलस्टीन व मायकेल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या जुळ्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली, तर १० वेगवेगळ्या जुळ्यांत अशी एकही जोडी नव्हती. आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे हे त्यातून दिसले आणि आईवरचा आरोप ढिला पडला.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने घडली. डॉ. लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ आणि एका स्वमग्न मुलीच्या आई. १९६२ साली पालकांनी तिथे जी संस्था काढली तिच्या संस्थापकांत त्या होत्या. आपली मुलगी जशी आहे तशीच सगळी मुले नसतात, काही बोलकी असतात, काही अगदीच कोशात, हे त्या घरात आणि पालकांच्या बैठकांत पाहत होत्या. मग त्यांनी आणि ज्युडिथ गुल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातली मुले पाहिली. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीतून ऑटिझम म्हणजे एकच एक ठरावीक चित्र नसून त्याच्या अनेक छटा आहेत, हा विचार पुढे आला. आज ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द आपण वापरतो तो या विचारामुळे.

आपल्या देशातही सुरुवात पालकांनीच केली. दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ साली मेरी बरुआ या एका आईने उभी केली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो २१ प्रकारांत समाविष्ट झाला. त्यामागे पालकांचे झिजवलेले जोडे आहेत.

हे झाले पालकांचे. पण ज्याला ऑटिझम आहे त्याचे काय? त्याला विचारायचे तर तो सांगू शकतो का? बराच काळ तज्ज्ञांचे उत्तर ‘नाही’ असेच होते. मराठीतला आपला ‘स्वमग्न’ हा शब्दच पाहा ना. शब्द सुंदर आहे, मलाही आवडतो. पण तो बाहेरून पाहणाऱ्याने दिलेला आहे. मूल आपल्याशी बोलत नाही म्हणून आपण ठरवले की ते स्वतःत मग्न आहे. कदाचित ते पंख्याच्या घरघरीने, पाहुण्यांच्या गलबल्याने इतके हैराण झालेले असेल की स्वतःत मग्न व्हायलाही त्याला उसंत नसेल!

हे मी मनाने लिहीत नाही. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन स्वमग्न बाईंनी १९८६ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. आवाज कसे झोंबतात, कुणी मिठी मारली की जीव कसा गुदमरतो आणि तरीही अंगावर दाब हवासा कसा वाटतो, हे त्यांनी आतून सांगितले. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. त्यांच्यानंतर अनेकांनी तेच सांगितले. डॉक्टरी पुस्तकांत मात्र या तक्रारींना दुय्यम जागा होती. निदानाच्या अमेरिकन नियमावलीत आवाज, स्पर्श, उजेड यांचा असा त्रास हे ऑटिझमचे लक्षण म्हणून २०१३ साली दाखल झाले. सांगणाऱ्यांनी सांगितल्यापासून सत्तावीस वर्षांनी! लवकर ऐकले असते तर कितीतरी मुलांना ‘हट्टी’ म्हणून बसलेला मार चुकला असता.

दुसरे उदाहरण थकव्याचे. दिवसभर शाळेत, कचेरीत इतरांसारखे वागण्याचा आटापिटा करून एक वेळ अशी येते की अंगातले त्राण जाते, येत असलेली कामेही जमेनाशी होतात, आवाज अजिबात सोसत नाही आणि हे महिनोन् महिने चालते. स्वमग्न प्रौढ आपसांत याला ‘बर्नआउट’ म्हणत असत. डॉक्टर त्याला नैराश्य समजून गोळ्या देत. २०२० साली अमेरिकेत त्यावर पहिल्या काही रीतसर अभ्यासांपैकी एक प्रसिद्ध झाला. तो ज्यांनी केला त्यांच्यात डोरा रेमेकर या स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधक प्रमुख होत्या.

या गटाची कामाची रीत सांगण्याजोगी आहे. २००६ साली रेमेकर आणि डॉ. क्रिस्टिना निकोलायडिस, ज्या डॉक्टर आहेत आणि एका स्वमग्न मुलाच्या आईही, या दोघींनी हा गट स्थापन केला. विषय निवडण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत स्वमग्न माणसे त्यात बरोबरीने बसतात. भरभर बोलणे सगळ्यांना जमत नाही म्हणून बैठका लेखी संदेशांवर होतात. निर्णयाच्या वेळी प्रत्येकाने बोटांच्या संख्येने आपली संमती किती ते दाखवायचे. एकाचाही ठाम विरोध असेल तर पुन्हा चर्चा. प्रश्नावली आधी त्यांच्या नजरेखालून जाते. ‘तुम्हाला नेहमी त्रास होतो का?’ असा प्रश्न आपण सहज विचारतो. स्वमग्न माणूस विचारतो, नेहमी म्हणजे किती वेळा? आणि त्याचे बरोबर आहे. प्रश्नच मोघम असेल तर उत्तराला काय किंमत?

या गटाने ठरवलेला एक विषय होता डॉक्टरकडे जाण्याचा. प्रयोगशाळेत बसलेल्या शास्त्रज्ञाला हा विषय सुचला असता का, मला शंका आहे. त्यांनी असे एक साधन तयार केले की स्वमग्न व्यक्तीने किंवा घरच्यांनी आपल्या अडचणी त्यात भरायच्या आणि त्यावरून डॉक्टरसाठी एक पत्र तयार व्हावे. उजेड कमी ठेवा, हात लावण्यापूर्वी सांगा, उत्तराला वेळ द्या, सूचना लिहून द्या, अशा मजकुराचे. अडीचशेहून अधिक स्वमग्न प्रौढांनी ते वापरून पाहिले, तेव्हा महिन्याभरानंतर त्यांच्या दवाखान्यातल्या अडचणी कमी झाल्याचे आढळले.

हे वाचल्यापासून मीही माझ्या दवाखान्यात थोडे बदल केले आहेत. माझ्याकडे येणारा एक एकवीस वर्षांचा मुलगा आता दुपारी दोनला, गर्दी ओसरल्यावर येतो. तपासणीच्या खोलीतली ट्यूबलाइट मी बंद ठेवतो, खिडकीचा उजेड पुरतो. स्टेथोस्कोप आधी त्याच्या हातात देतो. त्याची आई घरून एका कागदावर लिहून आणते : झोप कशी, शौचाला कधी, काय खाल्ले, वागण्यात कोणता बदल. एकदा तो आठवडाभर स्वतःच्या गालावर थापडा मारत होता. ‘वेडेपणा वाढला’ असे शेजारी म्हणत. आईच्या कागदावर लिहिले होते, ‘चपाती उजव्या बाजूने चावत नाही.’ तोंड उघडून पाहिले तर दाढ किडलेली. न बोलणाऱ्या माणसाच्या वागण्यात अचानक बदल झाला तर आधी दात, कान, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ हे पाहावे. मनाच्या गोळ्यांचा विचार त्यानंतर.

आता पैशाकडे पाहू, कारण संशोधन पैशावर चालते. इंग्लंडमध्ये २०१३ साली लिझ पेलिकॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ऑटिझम संशोधनाच्या खर्चाचा हिशेब मांडला. निम्म्याहून अधिक पैसा मेंदू, जीवशास्त्र आणि आकलनशक्ती यांच्या अभ्यासावर गेला होता. रोजच्या जगण्यात मदत करणाऱ्या सेवांच्या अभ्यासाला त्यातला फारच थोडा वाटा आला. स्वमग्न माणसे, पालक, शिक्षक यांना विचारले तेव्हा त्यांना नेमके उलटे हवे होते. मेंदूचा अभ्यास नको असे कोणी म्हणत नव्हते. पण घरात, शाळेत, नोकरीत आज जे नडते त्याचेही कोणी पाहा, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे २०१६ साली इंग्लंडमध्येच हजाराहून अधिक लोकांना विचारून दहा प्रश्नांची क्रमवार यादी केली गेली. पहिला क्रमांक आला मानसिक आरोग्याचा : स्वमग्न माणसांच्या मनाचे त्रास कशाने कमी होतील? त्याच सुमारास स्वीडनमधली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली होती. पाहणीच्या काळात मरण पावलेल्या स्वमग्न व्यक्तींचे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय सुमारे ५४ होते, इतरांचे सुमारे ७०. बौद्धिक अडचण नसलेल्यांत आत्महत्येचे आणि बौद्धिक अडचण असलेल्यांत फेफऱ्याचे मृत्यू विशेष आढळले. हे आकडे पाहिले की मानसिक आरोग्य पहिल्या क्रमांकावर का आले, ते कळते.

आपल्याकडे अशी यादी केली तर काय येईल? माझ्या टेबलासमोर बसून आया जे विचारतात तेच येईल असे मला वाटते. रात्री झोपत नाही, काय करू? शौचाची सवय कशी लावू? मुलीला पाळी आली, कसे सांभाळू? दहावीनंतर कुठे पाठवू? फिटच्या गोळीने सुस्त होतो, कमी करू का? आणि सर्वांत शेवटी, दाराशी उभे राहून विचारलेला प्रश्न, ‘डॉक्टर, माज्या मागे हेचा कसा होतला?’ याचे उत्तर कोणत्याही जनुकात सापडणार नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास लागतो : कोणत्या गावात अशी प्रौढ माणसे बऱ्यापैकी जगतात आणि का जगतात?

वर सांगितलेल्या डोनाल्डचेच पाहा. मधली काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता, तर त्यांनी त्याला मक्याच्या ओळी मोजायला लावले आणि ओळी मोजता मोजता नांगर धरायला शिकवले. पुढे तो पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. घरची सुबत्ता होती, हे खरे. पण गावाने त्याला ‘आपला डोनाल्ड’ म्हणून सांभाळले, हेही तितकेच खरे. यावर संशोधन कितीसे झाले?

माणसांना आधी विचारून केलेल्या कामाचे उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. बांबोळीच्या वाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना नव्या नाहीत. त्याच गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या डॉ. गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी आधी स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी सविस्तर बोलून त्यांच्या अडचणी समजून घेतल्या. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मूल सांभाळताना घरावर किती ताण येतो, आईबाप लग्नकार्याला जाणे कसे सोडतात आणि काही काळाने पुन्हा हळूहळू माणसांत कसे येतात, हे त्यात नोंदले आहे. तज्ज्ञ मोजके, तेही शहरात; घरातली कामे, दुसरी मुले सोडून रोज तिथे जाणार कोण?

म्हणून मग इंग्लंडमध्ये तपासलेली एक पद्धत इथल्या घरांना बेतेल अशी करून घेतली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जायचे. आई किंवा वडील मुलाशी खेळत असतील त्याचे चित्रण करायचे आणि मग त्यांच्याबरोबर बसून ते पाहायचे. ‘इथे बघा, त्याने गाडीकडे पाहिले, तुम्ही थांबलात, मग त्याने आवाज काढला.’ आईला शिकवायला नाही जायचे, तिचे चांगले चाललेले तिलाच दाखवायचे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून ६५ मुलांवर ही पद्धत तपासली. २०१५ साली निष्कर्ष आले. पालक मुलाच्या कलाने अधिक घेऊ लागले आणि मूल आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. एका मोजमापात, दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याच्या, फरक उलटा आला आणि तोही त्यांनी लपवला नाही. नंतर या पद्धतीवर पुढचे काम झाले. यातले संशोधन पाहा : प्रश्न घरातून आला, उपाय घरात बसला.

याचा अर्थ पालक किंवा स्वमग्न व्यक्ती म्हणेल ते सगळे खरे, असा नव्हे. १९९८ च्या सुमारास अमेरिकेत ‘सिक्रेटिन’ नावाच्या इंजेक्शनाने मूल सुधारले असे एका आईने सांगितले आणि हजारो पालक त्यामागे लागले. चाचण्या झाल्या तेव्हा ते औषध आणि नुसते मिठाचे पाणी यांत फरक दिसला नाही. आईने प्रश्न विचारला यात गैर काहीच नाही. उत्तर चाचणीने द्यायचे असते. आईवरचा डाग पुसणारे रिमलँडसुद्धा पुढे लसींच्या संशयाला खतपाणी घालत राहिले. बापाचे मन आणि शास्त्रज्ञाचे मन एकाच देहात असले की कधी कधी असे होते.

पालक आणि स्वमग्न प्रौढ यांचेही नेहमी जुळत नाही. जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने १९९३ साली पालकांना उद्देशून लिहिले होते की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्हाला हवे होते ते मूल आले नाही याचे दुःख असेल, पण आम्ही इथे आहोत. ज्या आईचे वीस वर्षांचे मूल अजून कपडे स्वतः घालत नाही तिला हे वाचून राग येऊ शकतो. मला दोघांचेही पटते. संशोधकाने दोघांनाही बोलवावे आणि मतभेद लिहून ठेवावेत.

मग जे बोलतच नाहीत त्यांचे काय? हा या चळवळीतला सर्वांत अवघड भाग आहे. ज्यांना बौद्धिक अडचणही आहे अशांना पुष्कळसे अभ्यास सरळ वगळतात आणि निष्कर्ष मात्र सर्वांच्या नावाने काढतात. चित्रांची पाने, निवडीसाठी दोन वस्तू, सोबत राहून केलेले निरीक्षण, जवळच्या माणसांची साक्ष, अशा मार्गांनी त्यांचे मत कळू शकते. एका मार्गापासून मात्र सावध राहा. मुलाचा हात धरून अक्षरांच्या पाटीवर फिरवायचा आणि ‘तो बोलला’ म्हणायचे, या पद्धतीची १९९० च्या दशकात कसून परीक्षा झाली. शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात, असे निघाले.

आता त्या पत्राचे उत्तर. लाळेतून डीएनए मिळतो. डीएनए म्हणजे मुलाचीच नव्हे तर सगळ्या घराण्याची माहिती. २०२१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांनी १०,००० स्वमग्न व्यक्तींचा डीएनए गोळा करण्याचा एक मोठा प्रकल्प जाहीर केला. हा साठा पुढे गर्भातच ऑटिझम ओळखून गर्भपात करण्यासाठी वापरला गेला तर, अशी भीती स्वमग्न लोकांनी व्यक्त केली. प्रकल्पवाल्यांनी तसा हेतू नाही असे सांगितले. तरी आम्हाला आधी नीट विचारले का नाही, या प्रश्नाला त्यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते आणि काही आठवड्यांतच काम थांबवावे लागले. आधी विचारले असते तर कदाचित वेळ, पैसा आणि विश्वास तिन्ही वाचले असते.

तेव्हा सही करू नका असे मी म्हणत नाही. आनुवंशिकतेच्या अभ्यासाचाही उपयोग आहे. फेफऱ्यासारख्या जोडीच्या आजारांचा उलगडा त्यातून होऊ शकतो. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली जी नीतिनियमावली केली आहे तिच्याप्रमाणे माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. मराठीत मागा. नीतिसमितीची मान्यता आहे का आणि समितीशी संपर्क कसा साधायचा, ते त्यात असते. नमुना कुठे ठेवणार, किती वर्षे, आणखी कोणाला देणार, निष्कर्ष आम्हाला कळवणार का, हे विचारा. या अभ्यासाचा विषय ठरवताना एखाद्या पालकाला किंवा स्वमग्न व्यक्तीला विचारले होते का, हेही अवश्य विचारा. उत्तरावरून बरेच कळते. ‘नाही’ म्हटल्याने किंवा मधेच बाहेर पडल्याने मुलाच्या शाळेवर, उपचारावर परिणाम होता कामा नये. आणि कोणी ‘संशोधन आहे’ म्हणून तुमच्याकडूनच लाखभर रुपये मागत असेल, विशेषतः स्टेम सेलच्या नावाने, तर तिथून उठा. प्रयोगाच्या उपचाराचे पैसे सहभागी माणसाकडून घ्यायचे नसतात. ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेल देऊ नयेत, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ साली सांगितले आहे.

मूल सात वर्षांचे झाले असेल तर तुमच्या सहीबरोबर त्याचीही तोंडी संमती घ्यायची असते, बारा वर्षांनंतर लेखी. न बोलणाऱ्या मुलाची संमती कशी घेणार, असे पथकातले लोक म्हणतील. त्यांना सांगा की आमचे मूल ‘नाही’ कसे म्हणते ते आम्हाला माहीत आहे. कोणी तोंड फिरवते, कोणी हात मागे ओढते, कोणी कानांवर हात ठेवते, कोणी दाराकडे जाऊन चप्पल शोधते. पथक येईल त्या दिवशी आईने किंवा वडिलांनी शाळेत हजर राहावे आणि मुलाने यातले काही केले तर नमुना घेणे त्या दिवसापुरते थांबवायला सांगावे.